माळशिरसची वाट आणि गाडीतली तिसरी रांग

कुंभारी

रुद्र आणि रेवा ही आमची जुळी जन्मल्यापासून आमचं घर एका गाडीत कधी मावलंच नव्हतं. जुन्या छोट्या गाडीत मागं या दोघांच्या खुर्च्या पट्ट्यांनी आवळल्या की मधे फार तर एका पिशवीची जागा उरायची. मग पाच वर्षांच्या मुक्तानं कुठं बसायचं, मी कुठं, आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, कुठं? गावातल्या गावात लग्नकार्याला जायचं तर आम्ही दोन फेऱ्या करायचो. पण माझं माहेर माळशिरसच्या पुढं एका वस्तीवर आहे, आणि तिथं काही दोन फेऱ्या होत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यानंतर मी एसटीनं एकटीच जाऊन त्यांना भेटून आले. मी आत शिरले तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग माझ्या मागं, रिकाम्या दाराकडं.

"पोरं?" एवढा एकच शब्द त्यांनी मोठ्या कष्टानं काढला.

त्या दिवसापासून मी नवऱ्याच्या मागं मोठ्या गाडीचा लकडा लावला. शिवानंदची तयारी होतीच. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे आणि गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. कुंभारीला त्याच्या वर्गमित्राचं, बसवराजचं, पेंडीचं गोदाम आहे. त्याची मुलं निवासी शाळेत गेली आणि त्याची तीन रांगांची भलीमोठी परदेशी गाडी गोदामाच्या शेडखाली नुसती उभी राहायला लागली, म्हणून त्यानं ती विकायला काढली होती.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ती बघायला गेलो. काळीभोर, उंच, आणि आतून दुधावरच्या सायीच्या रंगाची. वर सगळं काचेचं छत. शिवानंदनं बॉनेट उघडून आत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"दोन दिवस घेऊनच जा की," बसवराज म्हणाला. "आणि वहिनी, तुम्ही बघा नीट. ह्याचं काय, हा नुसता आवाज ऐकून गाडी घेईल."

मी शाळेत शिकवते. परीक्षा घ्यायची म्हटल्यावर मला हुरूप आला. बाळांच्या खुर्च्या अडकवायचे हूक सीटच्या बेचक्यात हाताला लागतात का, हे मी आधी पाहिलं. लागले, आणि खुर्च्या खट्कन बसल्या. मग दारं: आतून मुलांना उघडता येऊ नयेत अशी सोय होती. मग तिसरी रांग. मधल्या रांगेची कडेची सीट पुढं ओणवी केली की तिच्यामागून तिसऱ्या रांगेत शिरायला वाट होते. मुक्ता त्या वाटेनं खारीसारखी आत गेली आणि तिथूनच ओरडली, "ही माझी खोली!"

इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पण तिचा अर्थ तेव्हा कळला नाही. मधल्या सीटवर बाळाची खुर्ची अडकवलेली असली की ती सीट ओणवी होत नाही. मागं जायची वाट बंद होते.

"मग मुक्ताला आधी बसवायचं आणि नंतर खुर्ची लावायची," शिवानंद म्हणाला. मलाही त्यात काही अवघड वाटलं नाही.

श्रीपूरच्या अलीकडं

शनिवारी सकाळी सोलापुरातल्या घरून निघालो. जुळ्यांची बाबागाडी मागं मावेना, कारण तिसरी रांग उभी केली की डिकी म्हणून जे उरतं त्यात दोन पिशव्या आणि अव्वांचा हुग्गीचा डबा कसाबसा बसला. हुग्गी म्हणजे गव्हाची दाट गोड खीर. आमच्या घरी कुणाकडं पहिल्यांदा राहायला जायचं तर ती करून न्यायची पद्धत. बाबागाडी आम्ही घरीच ठेवली. अव्वा पुढं शिवानंदशेजारी बसल्या. मधल्या रांगेत दोन्ही कडांना जुळी आणि त्यांच्या मधे मी. मागं मुक्ता एकटीच, आपल्या खोलीत.

मोहोळ मागं पडेपर्यंत सगळं छान चाललं होतं. रस्त्यावरचा खड्डा गाडी नुसता गिळून टाकत होती. रेवा, जी आमच्या जुन्या गाडीत पाच मिनिटं शांत बसत नाही, ती काचेच्या छतातून वर बघत बघत झोपून गेली. अव्वांना सीटची ऊब सापडली. ती पाठीमागून येते कशी, हे त्यांना काही केल्या पटेना.

"चुलीवर बसवलंय की काय मला?" असं म्हणून त्या कन्नडमध्ये "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, करायला लागल्या, तेव्हा शिवानंदनं बटण बंद केलं.

पंढरपूर ओलांडलं आणि रस्त्याला ऊस लागला. कारखान्याचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्या मागं बैलगाड्या, आणि सगळ्यांच्या मागं आम्ही. श्रीपूरच्या अलीकडं एका ट्रॉलीचं चाक बसलं आणि रांग थांबली. आम्ही खाली उतरलो. म्हणजे शिवानंद आणि अव्वा उतरले. मला रुद्रची खुर्ची सोडवून मगच उतरता आलं, आणि मुक्ता तर त्यानंतरच बाहेर आली.

पुढच्या बैलगाडीत उसाच्या मोळ्यांवर एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. तिनं आमच्या गाडीकडं निवांत पाहून घेतलं.

"लई मोठी हाय की. कितीजण बसत्यात?"

"सात," मी म्हणाले.

"आमी बी सातच हाव. समदी हिच्यातच." ती हसली. "बीडाकडनं आलोय. तुमी कुटं?"

"माहेरी. माळशिरसला."

"माहेरी व्हय? मग बरं हाय." तिनं मांडीवरचं मूल खांद्यावर घेतलं, मोळीतून एक ऊस ओढला आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडून त्याची कांडी सोलून घेऊन मुक्ताच्या हातात दिली. मुक्तानं आधी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, मग तिनं घेतली. ताज्या उसाचा तो गोडवा दुकानातल्या रसाला येत नाही. आम्ही सगळ्यांनीच एकेक करवा चावून पाहिला. अव्वांनीसुद्धा, कवळी सांभाळत.

ट्रॉली निघाली. आम्ही पुन्हा सगळं उलट्या क्रमानं केलं: मुक्ता मागं, मग रुद्रची खुर्ची, मग पलीकडच्या दारानं रेवाच्या पायांवरून चढून मी मधे. निघालो. मागून चघळल्याचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळानं तो थांबला.

मला वाटलं झोपली असेल. मी हाक मारली. उत्तर नाही. मान वळवली तर रुद्रच्या खुर्चीची उंच पाठ आणि सीटची उशी यांच्या फटीतून तिचा फक्त एक हात दिसला. तो हात गळ्याशी होता.

"थांबवा! गाडी थांबवा!"

शिवानंदनं गाडी कडेला घेतली. मी पट्टा सोडून सीटवर गुडघे टेकले आणि पाठीवरून मागं झेपावले. मुक्ता बरोबर रुद्रच्या मागं बसली होती, माझा हात तिच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हता. तिचा चेहरा मला आता दिसला. डोळे मोठे झाले होते आणि तोंडातून आवाज येत नव्हता. डावीकडं बाळाची खुर्ची, उजवीकडं बाळाची खुर्ची. खाली उतरायचं म्हटलं तरी मला दोघांपैकी एकाला ओलांडून जावं लागणार होतं.

"मागून! डिकीतून!" मी ओरडले.

शिवानंद मागं धावला. त्या गाडीचं मागचं दार विजेवर उघडतं. बटण दाबलं की आधी टुंग टुंग वाजतं आणि मग ते दार सावकाश वर जातं. त्यानं ते हातानं वर रेटायचा प्रयत्न केला तर ते मधेच थांबलं आणि पुन्हा वाजायला लागलं. अव्वा खाली उतरून "अय्यो, अय्यो" करत रुद्रच्या दाराशी आल्या, पण ते उघडूनही खुर्चीमुळं मागं वाट नव्हती आणि तिसऱ्या रांगेची काच तर उघडतच नाही. शेवटी दार वर गेलं. त्यानं दोन्ही पिशव्या आणि डबा रस्त्यावर फेकला, सीटच्या पाठीवरून वाकून मुक्ताचा पट्टा सोडला आणि तिला उचलून बाहेर काढलं.

शाळेत आम्हा शिक्षकांना एकदा शिकवलं होतं. मी आतूनच सांगत होते. "पुढं वाकव! खाली वाकव तिला! दोन खांद्यांच्या मधे मार, तळहातानं! जोरात!"

त्यानं मारलं. पुन्हा मारलं. पोटच्या पोरीला असं मारायला किती धीर लागतो ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग उसाचा चोथा आणि एक करव्याचा तुकडा रस्त्यावर पडला आणि मुक्ता रडायला लागली.

तिच्या रडण्याचा आवाज इतका गोड मला तिच्या जन्मानंतर कधी वाटला नव्हता. मी रेवाच्या अंगावरून कशी उतरले मला आठवत नाही. रेवा जागी होऊन रडत होती, रुद्रही रडत होता, आणि आम्ही तिघं मोठे रस्त्याच्या कडेला खाली बसलो होतो. ट्रॅक्टरवाले हळू होऊन विचारत होते, "काय झालं? काय लागतंय का?" शिवानंद नुसता हात हलवून नाही म्हणत होता. हुग्गीच्या डब्याचं झाकण उघडून अर्धी खीर मातीत सांडली होती. अव्वांनी उरलेलीतली चमचाभर मुक्ताच्या तोंडात घातली आणि तिचं डोकं पोटाशी धरलं.

वस्तीपर्यंतचा उरलेला रस्ता मुक्ता माझ्या मांडीवर बसून आली. ते नियमात बसत नाही हे मला माहीत होतं. शिवानंद गाडी अगदी हळू चालवत होता.

वस्तीवर

आबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. आईनं त्यांना धुतलेला सदरा घातला होता आणि केस विंचरले होते. तिन्ही मुलं एकदम समोर उभी राहिली. म्हणजे मुक्ता उभी राहिली, आणि जुळी आमच्या कडेवर होती. आबांनी डावा हात उचलला. रुद्रनं त्यांची मिशी धरली आणि सोडायला तयार होईना. आबांचं तोंड एका बाजूनं हसलं.

रस्त्यात काय झालं ते मी आईला स्वयंपाकघरात सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. मग पुन्हा थापायला लागली. तिचे हात वाळून गेले होते, खांदा एका बाजूला झुकला होता. आबांना उठवायचं, बसवायचं, संडासला न्यायचं, सगळं तीच करत होती. माझा भाऊ आणि वहिनी शेतावर मदतीला असतात, पण आबांना आईशिवाय कुणाचा हात चालत नाही.

अव्वा पहिल्यांदाच या घरी राहायला आल्या होत्या. दोघी विहिणी सुरुवातीला अवघडलेल्या. सोलापुरात आमच्याकडं भाकरी पापडासारखी कडक करून ठेवतात, महिनाभर टिकते. आईच्या हातची भाकरी मऊ, टम्म फुगलेली, तव्यावरून थेट ताटात. अव्वांनी एक खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि विचारलं, "पीठ कुठलं म्हणायचं हे?"

"घरचंच. मालदांडी जोंधळा हाय की," आई म्हणाली. तिथून त्या दोघींचं जमलं.

दुपारी भावानं शेतात हुरड्याची आगटी लावली. आबा घरातून उठून शेतात गेले त्याला पाच-सहा महिने झाले होते. ट्रॅक्टरवर चढणं शक्य नाही, मोटारसायकलवर तोल जातो. भाऊ म्हणाला, "तुमी हितंच बसा आबा, मी हुरडा आणून देतो."

शिवानंद उठला. गाडीत बसून त्यानं कसलंतरी बटण दाबलं. गाडीनं लांब सुस्कारा टाकला आणि ती चारी चाकांवर हळूहळू खाली बसली, जशी म्हैस बसते तशी. वस्तीवरची सगळी माणसं बघत राहिली. आबा आईच्या खांद्यावर हात टाकून आले, दारात पाठमोरे झाले आणि टेकले. सीट त्यांच्या बरोबर मांडीच्या उंचीला होती. शिवानंदनं त्यांचे पाय उचलून आत घेतले. एवढंच लागलं.

शेतापर्यंतची वाट काही मोठी नाही. पण आबांनी शिवानंदला सारखं थांबायला लावलं. विहिरीपाशी थांबले, बांधाजवळ थांबले. ज्वारी छातीपर्यंत आली होती. काच खाली करून त्यांनी डावा हात बाहेर काढला आणि कणसावरून फिरवला. मी मागं बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

आगटीजवळ बसून आम्ही हुरडा खाल्ला. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, शेंगांच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. मुक्ता आधी घाबरली, खाईना. मग मी तिला समोर बसवून, एकेक घास नीट चावायला लावून खाऊ घातला. आबा गाडीतच बसून खात होते, पाय बाहेर. भावाला म्हणाले, "वरल्या... वाफ्यात... पानी न्हाय." भावानं जाऊन पाहिलं. खरंच पाणी चढलं नव्हतं. त्यानं पाटाचं दारं मोडून पाणी तिकडं वळवलं.

परतीची वाट

रविवारी दुपारी निघायची तयारी झाली. आबा ओसरीवरून गाडीकडं बघत होते. अव्वांनी ते पाहिलं आणि सरळ त्यांनाच विचारलं, "अण्णा, चला की आमच्याबरोबर. आठ-पंधरा दिवस राहा. तिथं व्यायाम घेणारी माणसं आहेत, रोज घरी येतील."

आमच्याकडं लेकीच्या घरी राहायला जात नाहीत. आबांनी माझ्या लग्नानंतर माझ्या घरचं पाणीसुद्धा घाईघाईनं पिऊन उठायचं, असं चालवलं होतं.

"लेकीच्या घरी..." आई म्हणाली.

"लेकीच्या कशाला? माझं घर आहे ते," अव्वा म्हणाल्या. "मी बोलावते. विहिणीचं बोलावणं मोडतात का तुमच्याकडं?"

आबांनी आईकडं बघितलं. मग म्हणाले, "येतो."

आता कोण कुठं बसणार? आबांना पुढची सीट. उरल्या अव्वा. आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी लुगडं वर खोचलं आणि ओणव्या केलेल्या सीटमागून वाकून, कण्हत, "निधान, निधान" असं कन्नडमध्ये स्वतःलाच सावकाश जायला बजावत तिसऱ्या रांगेत शिरल्या. तिथं जमीन उंच आहे, त्यामुळं मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात. सोलापूर येईपर्यंत त्या तशाच बसल्या आणि त्यांनी एकदाही मुक्ताचा हात सोडला नाही. गाडीत खायला कुणाला काही दिलं नाही.

आई येणार नव्हती. दोन गाई, कोंबड्या, कामं होती. ती फाटकाशी उभी राहिली आणि आबांच्या खिडकीत वाकून म्हणाली, "औषधं सुमीजवळ दिल्यात. रातच्याला पाय चेपून घ्या म्हनावं." सुमी म्हणजे मी. मग शिवानंदला, "पाव्हणं, सावकाश जावा." तिनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं ती फार एकटी पडेल.

श्रीपूर मागं गेल्यावर मी शिवानंदला म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण घ्यायची नाही."

"माहितीय," तो म्हणाला. "मी कालच ठरवलं. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आणि त्यांच्यातून मागं जायला वाट, अशी बघू. साधी असली तरी चालेल."

"आबांना चढायला?"

"पायरी करून घेऊ. लोखंडी, दोन टप्प्यांची."

तशीच गाडी आम्ही उन्हाळ्यात घेतली. तिला काचेचं छत नाही आणि तिची सीट गरम होत नाही. पण मी माझ्या जागेवरून उठून चालत मुक्तापर्यंत जाते. पायरी कारखान्यातल्या वेल्डरनं केली.

त्या रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. आबांना पलंगावर बसवलं, चहा दिला, जुळी त्यांच्या दोन्ही बाजूंना चढून बसली. मग मी वस्तीवर फोन लावला. वहिनीनं उचलला.

"पोचलो म्हणून सांगायचं होतं. आई कुठं आहे? रडतेय का?"

"रडतायत कुटल्या!" वहिनी हळू आवाजात म्हणाली. "तुमची गाडी वळली, त्या आत आल्या अन् आबांच्या बाजेवर आडव्या झाल्या. तवापासनं झोपल्यात. गाईची धार मी काढली. उठवू का?"

"नको," मी म्हणाले. "झोपू दे."